परत येणारा कप : चहातून शेजारपाजार जोडायचा असेल तर काय काय करायचं

तीन वर्षांपूर्वी आम्ही नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर सोडून मनीषनगरकडच्या एका फ्लॅट स्कीममधे राहायला आलो आणि वास्तुपूजा झाल्यावर दुसऱ्याच रविवारी अख्ख्या विंगला चहाला बोलावलं. बत्तीस जण आले. मी हुशारी करून बर्डीच्या बाजारातून शंभर कागदी कप आणून ठेवले होते, म्हटलं कोण धुवत बसणार. चहा एकदम फर्स्टक्लास झाला होता पण अकरा मिनिटांत घर रिकामं! खरंच अकरा, बायकोनं घड्याळ पाहिलं होतं. प्रत्येकानं उभ्याउभ्या चार घोट घेतले, कप चुरगळला, डस्टबिन कुठंय विचारलं, "छान आहे हो फ्लॅट" म्हटलं आणि गेले. पुढचे सहा महिने लिफ्टमधे आम्ही एकमेकांच्या चपलांकडे पाहत खालीवर करत होतो.

आईनं एका वाक्यात निकाल लावला. म्हणे, "अरे, कागदाच्या कपात दिल्यावर माणूस परत काऊन येईन?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. महालात आमच्या घराची आणि बाजूच्या घराची सांदवाडी एकच, मधे कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून चहाचा कप जायचा, आणि कप गेला म्हणजे तो परत येणार, आणि रिकामं भांडं परत करायचं नाही ही आपली जुनी रीत, म्हणून कपात कधी चार हिरव्या मिरच्या, कधी बोरं, कधी नुसती साखर. मग ते द्यायला आलेलं माणूस दहा मिनिटं भिंतीला टेकून बोलणार. जोडणारी गोष्ट चहा होतीच, पण खरं काम कपाचं होतं, कारण तो परत यायचा. कागदी कप परत येत नाही.

त्यानंतर मी जे जे करून पाहिलं, काय जमलं, काय फसलं, ते सगळं इथं क्रमानं लिहून राहिलो. तुम्ही नवीन ठिकाणी राहायला आले असाल, रिटायर झाले असाल, पोरं पुण्या-बंगलोरला गेल्यावर घर भकास वाटत असेल, तर करून पाहा. खर्च जवळपास नाही.

पहिलं काम : सगळे कप खाली उतरवा

एखाद्या रविवारी सकाळी जमिनीवर पेपर पसरा आणि घरातले झाडून सगळे कप, बश्या, मग, काचेचे आणि स्टीलचे ग्लास खाली काढा. शोकेसमधलेही. आमच्याकडे चार माणसांच्या घरात एकेचाळीस कप निघाले आणि रोज वापरात किती, तर पाच. बाकीचे सगळे "पाहुण्यांसाठी". आणि पाहुणे आले की आपण काय काढतो, तर कागदी कप! लग्नातल्या आहेराचा सोनेरी काठाचा सेट बावीस वर्षं काचेमागं उभा होता, त्यातून कोणी एकदाही चहा प्यायलं नव्हतं.

आता निवड करायची. प्रत्येक कप कानाला धरून नखानं टिचकी मारा. टण्ण असा स्वच्छ आवाज आला तर कप धडधाकट, थप्प असा बसका आला तर कुठंतरी बारीक चीर आहे, दिसो न दिसो, आणि तो कधीतरी गरम चहासकट कोणाच्या तरी मांडीवर फुटणार. ओठ लागतो त्या काठाचा टवका उडालेला असेल तर तोही प्यायला नको, ओठ कापतो आणि उघड्या पडलेल्या मातीत मळ बसतो तो निघत नाही. फेकवत नसेल तर त्यात मनीप्लांट लावा नाहीतर चमचे ठेवा. कान तुटलेल्या कपाबद्दल मात्र घराघरात वाद आहेत. आमची आई कान तुटलेल्या कपातच चहा घेते, म्हणते हात शेकतो थंडीत. तिच्या नादी मी लागत नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पातळ, उजेडाला धरल्यावर मागचं बोट दिसतं असे जे बोन चायनाचे कप असतात, त्यात खरोखरच जनावराच्या हाडांची राख असते, साधारण तीस टक्के किंवा जास्तच. त्यामुळे कडक शाकाहारी किंवा माळकरी माणूस घरी येणार असेल तर त्यांना साध्या चिनी मातीचा नाहीतर काचेचा, स्टीलचा कप द्यावा. आमच्या विंगमधल्या एका आजोबांनी मला हे समजावून सांगितलं, तेही त्यांनी कप तीनदा उचलून खाली ठेवल्यानंतर. मला वाटलं चहात साखर कमी पडली.

मग माप पाहा. कपात पाणी भरून ते मोजायच्या भांड्यात ओता. शंभर ते एकशेवीस मिली बसत असेल तर हाच कप कामाचा. ते कंपनीच्या नावाचे तीनशे मिलीचे मग असतात ना, ते एकट्यानं लॅपटॉपसमोर बसायसाठी आहेत. मगभर चहा दिला की माणूस एकदाच घेतो आणि गार होईपर्यंत धरून बसतो. लहान कप संपतो, आणि संपला की तुम्हाला विचारता येतं, "अजून अर्धा?" या अर्ध्या कपातच खऱ्या गोष्टी निघतात. पहिल्या कपात पाणी किती वाजता येतं आणि मेंटेनन्स किती, दुसऱ्या अर्ध्यात मुलीचं लग्न मोडलं ते.

बश्या टाकू नका. बशीत ओतलेला चहा पसरतो, पसरला की जास्त हवा लागते आणि पटकन निवतो, इतकं साधं विज्ञान आहे, आणि नागपूरच्या मे महिन्यात जिथं बाहेर पंचेचाळीस असतं तिथं बशी म्हणजे गरज आहे. शिवाय बशीतून फुर्रर करणाऱ्या माणसासमोर कोणी फार वेळ तोऱ्यात राहू शकत नाही.

दुसरं काम : तो वेगळा कप आधी घरातून काढा

हे लिहायला मला जड जाऊन राहिलं, पण हे केल्याशिवाय पुढचं सगळं ढोंग आहे.

आजीच्या घरी मागच्या दाराजवळच्या कोनाड्यात एक कप उपडा घातलेला असायचा. पांढरा, काठाला हिरवी रेघ, कान नसलेला. सहा-सात वर्षांचा असताना मला माहीत होतं तो कोणासाठी आहे, कोणी सांगितलं नव्हतं तरी माहीत होतं. आजी त्यात वरून, हात न लावता चहा ओतायची. चहा तोच, त्याच गंजातला म्हणजे पातेल्यातला, विलायचीसुद्धा तीच.

चहाच्या कपावरून आपल्याकडे काय काय झालंय! १८९० साली पुण्यात पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमधे चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्या मंडळींवर सुद्धा गहजब झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत आणि प्रायश्चित्तापर्यंत गेलं. त्या मोठ्या लोकांना निदान प्रायश्चित्त घेऊन सुटता तरी आलं, ज्यांच्यासाठी कोनाड्यात कप उपडा असायचा त्यांना ती सोय नव्हती. आणि ज्या गावात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत बुद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती दीक्षाभूमी माझ्या घरून गाडीवर पंधरावीस मिनिटं, त्या गावात आजही कितीतरी फ्लॅटमधे सिंकखाली कामवाल्या ताईंचा कप वेगळा आहे. आता कारण "हायजीन" सांगतात, एवढाच फरक. मी एका ऑफिसात अनेक वर्षं काढली, तिथंही साहेबांना कपबशी, क्लार्कला काचेचा ग्लास आणि शिपायाला कागदी कप असायचा, आणि आम्ही कोणीच कधी काही बोललो नाही. मीही नाही.

तर कसं करायचं. भाषण देऊ नका, माफी मागायचा कार्यक्रम करू नका, फोटो तर अजिबात काढू नका. तो वेगळा कप गुपचूप काढून टाका आणि दुसऱ्या दिवशी रोजच्या सेटमधल्या कपात सगळ्यांसोबत चहा द्या. साखर किती लागते ते विचारा, आम्ही कधी विचारलंच नव्हतं. बसायला जागा तीच जी तुमची, म्हणजे तुम्ही खुर्चीवर आणि त्या फरशीवर असं नको. पण बळजबरीही नको, त्यांना पुढची तीन घरं असतात, उभ्यानं घेऊन निघायचं असेल तर त्यांची मर्जी.

आमच्याकडे पहिल्या दिवशी ताई म्हणाल्या, "भाऊ, राहू द्या ना, मी आपली इथंच घेते." घेतला, आणि मग स्वतःच तो कप धुऊन बाकीच्यांपासून लांब, खिडकीत उपडा घातला. बायकोनं तो उचलून परत रॅकवर लावला. दुसऱ्या दिवशी परत खिडकीत. हिनं परत रॅकवर. दोघीही एक अक्षर बोलत नव्हत्या, जवळजवळ महिनाभर हे चाललं. मग एका दिवशी कप रॅकवरच दिसला, आमच्या कपांत मिसळून, कोणता तो ओळखूही येत नव्हता. त्या दिवशी ताई जाताना म्हणाल्या, "वहिनी, तुमची पत्ती कडू आहे बाप्पा, दुसरी आणा." बोला!

तिसरं : कोणाचा कप कोणता, आणि एक वही

सेट पूर्ण असलाच पाहिजे हा हट्ट सोडा. सहातले चार उरलेत, दुसऱ्यातले तीन उरलेत, उत्तम. वेगवेगळे कप असले की माणूस आपोआप एक निवडतो आणि दुसऱ्या वेळी तोच शोधतो. तिसऱ्या वेळी तुम्ही न विचारता तोच कप त्याच्यासमोर ठेवायचा, इथं खरी जादू होते. दुसऱ्या मजल्यावरचे काका आले की मी जाड बुडाचा तपकिरी कप काढतो, कारण त्यांचा हात थरथरतो आणि त्याचा कान चार बोटं जातील एवढा मोठा आहे. त्यांनी मागितला नव्हता. पहिल्यांदा त्यांना नाजूक कप दिला होता, त्यांनी तो टेबलावरच ठेवून गार होऊ दिला आणि पिताना सगळ्यांकडे पाठ फिरवली, तेव्हा कळलं.

कपाटाच्या दाराला आतून एक वही टांगा. आमच्या वहीत असं लिहिलंय : काका, दुसरा मजला, बिनसाखरेचा, अद्रक जास्त. पाटलीण काकू, दूध नको, काळा चहा, लिंबू असल्यास. चौथ्या मजल्यावरच्या काकू, अर्धा म्हणतात, पूर्ण घेतात. वॉचमन भाऊ, साखर तीन चमचे, रात्री अकराला. लोक म्हणतात लक्षात ठेवलं तरी पुरे, पण नाही राहत हो. आणि शुगर असलेल्या माणसाला दर वेळी चारचौघांत "मला बिनसाखरेचा" असं सांगायला लागू नये, एवढ्यासाठी तरी वही पाहिजेच.

दोन कप जास्तीचे ठेवायचे, न सांगता येणाऱ्यासाठी.

आणि जे माणूस आता नाही त्याचा कप? यावर माझ्याकडे एकच एक उत्तर नाही. आम्ही बाबांचा कप वर्षभर शोकेसमधे ठेवला, तिथं तो फोटोसारखा दिसायला लागला. मग भाचा आला आणि त्यानं विचारलं हा कप घेऊ का, आई म्हणाली घे. त्यानं त्यात बोर्नव्हिटा प्यायला. बाबांनी जन्मात बोर्नव्हिटा प्यायला नसता.

चौथं : चहा मांडायचा कसा

इथं फार लांबण लावत नाही, प्रत्येकाच्या घरचा चहाच प्रत्येकाला चांगला वाटतो. पण माणसं बोलवायची तर चहा बिघडायला नको म्हणून चार लहान कपांचं माप देऊन राहिलो.

तीनशे मिली पाणी गंजात घ्या. बोरिंगचं पाणी नको, नळाचं घ्या, जड पाण्यात चहावर तवंग येतो आणि चव मरते, कपालाही डाग जास्त पडतात. बोटाच्या पेराएवढं अद्रक ठेचून पाण्यातच टाकायचं आणि दोन-तीन मिनिटं चांगलं उकळू द्यायचं. अद्रक दुधासोबत कच्चं टाकलं की दूध फाटायची भीती असते कारण कच्च्या अद्रकात दूध फाडणारं एक द्रव्य असतं, ते उकळलं की निकामी होतं. मग साखर, दोन ठेचलेल्या विलायच्या, आणि चार छोटे चमचे पत्ती. दाणेदार सीटीसी पत्ती घ्या. १९३० च्या सुमारास आसामात पानं चिरडून, फाडून, गुंडाळून हे दाणे करायची मशीन आली. दाणा बारीक म्हणून रंग आणि कडकपणा झटकन सुटतो, दुधात हीच टिकते. दार्जिलिंगची लांब पानं आणली असतील तर ती अशी उकळून तिची माती करू नका, ती वेगळी प्यायची.

पत्ती टाकल्यावर दोन मिनिटं. मग दोनशे मिली दूध, तापवलेलं. फ्रीजमधलं गार दूध ओतलं की उकळी बसते आणि चहा कोमट-कोमट लागतो. दोनदा वर येऊ द्या, दोनदा खाली बसवा, गॅस बंद, झाकण एक मिनिट, गाळा. आधी कपांत गरम पाणी फिरवून ओतून टाकलेलं बरं, डिसेंबर-जानेवारीत तर नक्कीच, नाहीतर गार कप अर्धी ऊब तिथंच खातो. काचेच्या ग्लासांना तर हे करायलाच पाहिजे, थंडीत एकदम उकळता चहा ओतला की तडकतात. गुळाचा चहा करायचा असेल तर गूळ शेवटी, गॅस बंद केल्यावर, नाहीतर दूध फाटतं.

आणि मुख्य म्हणजे चहा आधी करून ठेवू नका. माणूस आल्यावर मांडा आणि त्याला स्वयंपाकघरात बोलवा. "या ना इकडेच, अद्रक ठेचता का जरा." हॉलमधल्या सोफ्यावर माणूस पाहुणा असतो, ओट्याजवळ उभा राहिला की घरचा होतो. उकळी यायची वाट पाहताना दोघंही गंजाकडे पाहत असतात, एकमेकांकडे पाहायला लागत नाही, त्यामुळे अबोल माणसंही बोलतात. बाप्यांच्या बाबतीत तर हे शंभर टक्के.

पाचवं : बोलवायचं कसं

"या ना कधीतरी चहाला" हे आमंत्रण नाही, हे गुडबाय आहे. दिवस आणि वेळ सांगा, आणि किती वेळ तेही सांगा. "उद्या साडेसहाला या, वीस मिनिटं, मला पण नंतर भाजीला जायचंय." वीस मिनिटं म्हटलं की माणसं येतात, कारण अडकून पडायची भीती जाते. मग दीड तास बसतात.

उन्हाळ्यात दुपारी चार-पाचला नागपूरकर कूलरसमोरून हलत नाही, तेव्हा सकाळी सात नाहीतर संध्याकाळी सात. थंडीत गच्चीवर सकाळी नऊचं ऊन, सतरंजी, आणि थर्मास. एका वेळी जास्तीत जास्त तीन-चार जण. बत्तीस नको!

कोणी नाही म्हटलं तर मनावर घेऊ नका, पण एकदाच बोलावून सोडूही नका. आपल्या गावात बहुतेक दर डिसेंबरला विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना चहापानाला बोलावतात, विरोधक बहिष्कार टाकतात, दर वर्षी हेच, तरीही पुढच्या वर्षी बोलावतातच. पक्ष बदलले, खुर्च्या बदलल्या तरी बोलावणं चालूच. त्यांच्याकडून शिकायचं ते एवढं तरी शिका.

आणि जो येतच नाही त्याच्याकडे कप पाठवा. बशी झाकून, शेजारी, पोराच्या हातून. "आईनं पाठवलाय, अद्रकाचा आहे." कप त्यांच्या घरी राहू द्या, लगेच मागू नका. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या दोन पोरी, औषध कंपनीच्या एमआर आहेत बहुतेक, दार उघडायच्याच नाहीत. पावसात एकदा दोन कप पाठवले. आठ दिवसांनी कप आले, धुतलेले, आत दोन चॉकलेटं. त्यांना बेलचा प्रॉब्लेम होता म्हणून दार उघडत नव्हत्या असं कळलं. बेल बंद होती! आणि आम्ही त्यांना आखडू समजून राहिलो होतो.

सहावं : देताना

थोडंसंच. कान समोरच्याच्या हाताकडे करून द्या, कोण डावखोरा आहे पाहा. वयानं मोठ्यांना आधी. स्वतःसाठीही कप घ्या, "माझा झाला" म्हणून समोर बसू नका, समोरच्याला परीक्षेला बसल्यासारखं होतं. काठोकाठ भरू नका. फोन उपडा. जेवण झाल्या झाल्या देऊ नका, चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही, विशेषतः घरातल्या बायकांचं रक्त कमी असेल तर जेवणानंतर तासभर जाऊ द्या.

सातवं : ज्यांच्या घरी कोणी नाही त्यांनी ठेला धरावा

रूमवर एकटे राहता, घरी बोलवायची सोय नाही, तर एक चायठेला धरा आणि तोच धरा. रोज नवीन ठिकाणी जाऊन रील काढणारे वेगळे. एकच ठेला, एकच वेळ, पंधरा-वीस दिवस. पहिल्या आठवड्यात कोणी विचारत नाही, दुसऱ्यात चायवाले भाऊ मान हलवतात, तिसऱ्यात "काय भाऊ, काल दिसले नाही?" हे वाक्य आलं की समजा गावात तुमची हजेरी लागली. तर्री पोह्याचा ठेला बाजूला असला तर सोन्याहून पिवळं, तर्रीनं नाकातोंडातून पाणी आलेल्या दोन माणसांची ओळख व्हायला वेळ लागत नाही.

काचेचा ग्लास मागा. काचेचा ग्लास परत द्यावा लागतो, म्हणून तिथंच थांबावं लागतं, कागदी कप घेऊन माणूस गाडीवर जाऊन बसतो. आणि कागदी कप नुसता कागद नसतो, आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या लोकांनी २०२० मधे तपासलं तर शंभर मिली गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवल्यावर त्यात प्लॅस्टिकचे साधारण पंचवीस हजार बारीक कण उतरले होते. ग्लास नीट धुतलेला दिसत नसेल तर स्वतःचा स्टीलचा लहान ग्लास बॅगेत ठेवा. मी ठेवतो, लोक हसतात, मग विचारतात, मग ओळख होते. कुल्हड छान वाटतो, पण तो एकदाच वापरायचा, मातीचा वास दुसऱ्यांदा येत नाही आणि आत जिरलेलं निघतही नाही.

आपल्या चहाचे पैसे देताना कधी बाजूच्याचेही द्या. रोज नाही, रोज दिले की तो ठेला बदलतो.

आठवं : दुःखाच्या घरी

हे नीट वाचा, इथं चूक करू नये.

ज्या घरी माणूस गेलंय तिथं पहिल्या दिवशी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी चहा नेऊन द्यायचा ही पद्धत आहे, आणि फ्लॅटमधे हीच पद्धत सगळ्यात आधी मेली. आम्ही आता ठरवून करतो. दोन थर्मास, आधी त्यात उकळतं पाणी पाच मिनिटं भरून ओतून टाकायचं म्हणजे चहा जास्त वेळ गरम राहतो. चहा गाळून भरायचा, पत्ती राहिली की कडू होतो. एकात साखरेचा, एकात बिनसाखरेचा, चिठ्ठी चिकटवायची. दुधाचा चहा दोन तासांपलीकडे ठेवू नये, म्हणून एकदाच भरपूर नेण्यापेक्षा दोन-तीन खेपा कराव्या. कप आपलेच न्यावे, पंधरा-वीस, सोबत बादली, आणि धुऊन आपणच आणावे. त्या घरच्या सिंकमधे एकही उष्टा कप मागं राहायला नको.

"चहा घेता का" असं विचारू नका, ते नाहीच म्हणणार. कप हातात द्या आणि बाजूला बसा, बोलायची गरज नाही. काका गेले, म्हणजे तेच, तपकिरी कपवाले, मागच्या पावसाळ्यात, तेव्हा काकू चार तास जागच्या हलल्या नव्हत्या. बायकोनं घरून तो तपकिरी कप आणला आणि त्यातच काकूंना चहा दिला. मला भीती वाटली, म्हटलं हे काय केलं हिनं. काकूंनी कप दोन्ही हातांनी धरला, बराच वेळ नुसता धरला, मग प्यायल्या. मग म्हणाल्या, "अद्रक कमी आहे, त्यांना जास्त लागते." तेव्हा पहिल्यांदा रडल्या.

बारीकसारीक

लांब असलेल्या पोरांना सेटमधला एक कप पाठवा, एक आपल्याकडे ठेवा, आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघांनी आपापला चहा मांडून बसायचं. कुरिअर करताना कपाच्या आतही पेपर कोंबायचा आणि कानाला वेगळी गुंडाळी, फुटतो तो कानच. चहाचे डाग खाण्याच्या सोड्यानं जातात, ओल्या बोटावर घेऊन चोळायचं, तारेची घासणी नको. सोनेरी काठाचे कप मायक्रोवेव्हमधे घालू नका, ठिणग्या उडतात. आमच्या पोरानं घातला होता. आता त्या सेटमधे पाचच आहेत, आणि खरं सांगू का, पाच झाल्यापासून तो सेट रोज वापरात आला.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा निळ्या फुलांचा कप आमच्याकडे येऊन तीन आठवडे झाले. त्यातून कढी आली होती. मी धुऊन, पुसून, त्यात थोडे फुटाणे घालून दाराजवळ ठेवला आहे, पण जाणं होत नव्हतं. काल संध्याकाळी बेल वाजली, काकूच. म्हणाल्या, "कप न्यायला आली होती." मी म्हटलं बसा, चहा मांडतो. "अर्धाच हो," म्हणाल्या. सव्वा तास बसल्या, फुटाणे तिथंच खाल्ले, आणि गेल्या. कप राहिला.